दोन मीटरचा रॅम्प
आज पुनर्वसन अभियांत्रिकीच्या सरांनी आम्हाला टेप घेऊन सांगलीतल्या एका कार्यालयात नेलं. जोतं ४५ सेंटिमीटर. व्हीलचेअरसाठी १:१२ उतार, म्हणजे १ सेंटिमीटर उंचीला १२ सेंटिमीटर लांबी, धरला तर रॅम्प निदान ५.४ मीटर हवा. भरला २ मीटर!

मग मी स्वतः खुर्चीत बसले. तिसऱ्यांदा चाक ढकललं तर मनगटं भरून आली, पुढची चाकं उचलली गेली, मैत्रिणीने धरलं म्हणून मागे कलंडले नाही. आमच्या मिरजेच्या काकांना अशाच रॅम्पवर 'थांबा, शिपाई येईल' ऐकावं लागतं. आज ते फार लागलं मला. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे हो!

उद्या नवं रेखाटन. जागा अपुरी, त्यामुळे मध्ये वळण, तिथे दीड मीटरचा सपाट कट्टा, दोन्ही बाजूंना कठडे. काकांनाच आधी दाखवणार आहे.