‘याच्यावर गोळी नाही का?’

व्यसनमुक्ती केंद्रात आलेले पालक बहुतेक वेळा आधी औषधच मागतात. त्या दिवशी आलेल्या आईनेही तेच मागितलं. तिचा तेरा वर्षांचा मुलगा भंगार वेचायचा आणि पंक्चरचं सोल्युशन फडक्यावर ओतून ओढायचा. बालकल्याण समितीने त्याला आमच्याकडे पाठवलं होतं. “ताई, दारू सोडवायच्या गोळ्या असतात म्हणे. याच्यावर गोळी नाही का?”

गर्दच्या, म्हणजे हेरॉइनच्या, व्यसनात ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध देऊन तलफ आवरता येते. सोल्युशनला तसा पर्याय नाही. त्यातलं टोल्युइन हे रसायन श्वासावाटे काही सेकंदांत मेंदूत पोचतं. वर्षानुवर्षं ओढलं तर मेंदूतल्या तंतूंचं आवरण झिजत जातं आणि कधीकधी पहिल्याच खेपेला हृदय बंद पडून मूल दगावतं. हे मी आईला सोप्या शब्दांत सांगत होते, तेवढ्यात खाली मान घालून बसलेला पोरगा बोलला, “सोल्युशन मारलं की भूक मरते. पप्पांनी मारलं तरी लागत नाही.”

आई रडली नाही. नवऱ्याचं कंत्राटी काम सुटल्यापासून घरात दारू आणि मारहाण कशी चाललीय, ते तिने सांगितलं. ती स्वतः पहाटे कामाला निघते, परतते तेव्हा पोरगा घरात नसतो. “मी घरी बसले तर चूल कशी पेटायची?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खोटा धीर मला द्यायचा नव्हता.

अशा मुलांबद्दल ‘संगत वाईट’ म्हणून मोकळं व्हायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती मान्य नाही. त्या संगतीबद्दल मी त्याला विचारलं. पुलाखाली तो आणखी तिघांबरोबर झोपायचा. ताप आला तेव्हा त्यांनीच त्याला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं होतं. चौघं एकाच फडक्यातून ओढायचे, मिळेल ते वाटून खायचे आणि रात्री पाळीपाळीने जागे राहायचे, कारण झोपलेल्या पोरांची पोती चोरीला जातात. शाळेतून नाव कमी झालेल्या, घरात मार खाणाऱ्या मुलाला माणसं मिळाली ती तिथेच. सोल्युशन सोड म्हणजे या तिघांना सोड, असं आपण त्याला सांगत असतो. मग तो आठवड्यात पुन्हा पुलाखाली दिसला, तर त्यात नवल कसलं?

सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून करून घेतलेल्या आणि 2019 मध्ये जाहीर झालेल्या देशव्यापी पाहणीत एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. हुंगायच्या पदार्थांचं प्रमाण प्रौढांमध्ये 0.58 टक्के, तर लहान आणि किशोरवयीन मुलांमध्ये 1.17 टक्के आढळलं. मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असलेला नशेचा हा एकच प्रकार. स्वस्त, सहज मिळणारं आणि भूक मारणारं. ज्या वयात पैसा नसतो आणि कुणी विचारत नाही, त्या वयाला नेमकं परवडणारं.

त्याने मला एकच प्रश्न विचारला. “ते तिघं पण येतील का इथं?”

आमच्याकडे दाखल्याची पद्धत एकेका मुलाची आहे. तरीही मी समितीला चौघांसाठी एकत्र अर्ज लिहिला. एकट्याला ठेवलं तर तो टिकणार नाही, हे कारण स्पष्ट शब्दांत नमूद केलं. वडिलांच्या दारूवर उपचार आणि मुलाचं शाळेत पुन्हा नाव घालणं, या मागण्याही त्यातच जोडल्या. वरिष्ठांना तो अर्ज अवाजवी वाटला. मला अजूनही वाटत नाही.

समितीने चौघांनाही बोलावलं. त्याच्या मित्रांपैकी दोघं आमच्या कार्यकर्त्याबरोबर आले आणि राहिले. चौथा पळाला. त्याला कुठे शोधायचं हे फक्त या तिघांना ठाऊक आहे, म्हणून दर रविवारी कार्यकर्ता त्यांच्यातल्या एकाला सोबत घेऊन जातो.