तीन औंस मैदा आणि एक फडकं

केंट परगण्यातल्या टनब्रिज गावात आम्ही चार वर्षं राहतोय. एलायझा अ‍ॅक्टन यांनी आपलं पाककृतींचं पुस्तक याच गावात राहून लिहिलं, हे मला गेल्या वर्षी कळलं. ते १८४५ साली लंडनमध्ये छापलं गेलं, म्हणजे व्हिक्टोरिया राणी गादीवर येऊन आठ वर्षं झाली होती. जिन्नस किती आणि वेळ किती, हे अ‍ॅक्टनबाई कृतीच्या शेवटी वेगळं मांडून देत. त्यातलं ‘लेखिकेचं ख्रिसमस पुडिंग’ वाचलं आणि हे आपण करायचंच, असं ठरवून टाकलं.

तीन औंस मैदा, तेवढाच पावाचा बारीक चुरा, सहा औंस सूएट, सहा औंस मनुका, सहा औंस करंट (बारीक काळे बेदाणे), चार औंस बारीक चिरलेलं सफरचंद, पाच औंस साखर, दोन औंस पाकवलेली संत्र्याची साल, अर्धा चमचा जायफळ-जायपत्री, किंचित मीठ, ब्रँडीचा छोटा पेला आणि तीन अंडी. औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम. सहा औंस मनुका बिया काढल्यावर मोजायच्या, असं त्यांनी स्पष्ट लिहिलंय. त्या काळी मनुकेत बी असायचीच. मी मुद्दाम भारतीय दुकानातून बियांच्या काळ्या मनुका आणल्या आणि एकेक चिरून बी काढत बसले. बोटं चिकट झाली, तास गेला, पण आपल्याकडे मनुका वेगळी आणि बेदाणा वेगळा का, ते त्या तासात हाताला कळलं.

सूएट म्हणजे गाईच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. ती आमच्या घरात चालत नाही, म्हणून वनस्पतीज सूएटचं पाकीट आणलं. त्याऐवजी लोणी घालावं का, असं मनात आलं होतं. बरं झालं घातलं नाही. लोणी लगेच वितळतं. सूएट उशिरा वितळतं, तोवर भोवतालचं पीठ धरलेलं असतं, त्यामुळे आत बारीक जाळी पडते. एवढा सुकामेवा असूनही पुडिंग दगड होत नाही ते यामुळे.

अ‍ॅडव्हेंट, म्हणजे नाताळाआधीचे साधारण चार आठवडे, सुरू होण्याच्या आधीच्या रविवारी इथे घरातल्या प्रत्येकाने मिश्रण एकदा ढवळायचं आणि मनात इच्छा धरायची अशी रीत आहे. आम्हीही ढवळलं. मग फडक्यात बांधून साडेतीन तास उकळलं. सोडलं तेव्हा बाहेरचा बोटभर थर चिखलासारखा होता आणि फडकं सुटता सुटत नव्हतं. मुलीचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं.

शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांनी फडकं हातात घेतलं आणि एकच विचारलं, “पीठ किती लावलं होतंस?” पोळी लाटताना लावते तेवढं, असं मी सांगितलं. पुस्तकात ‘जाड पीठ लावलेलं’ फडकं म्हटलं होतं. बाकी सगळं मी काट्यावर मोजलं, आणि हाच शब्द वाचून पुढे गेले होते.

नाताळच्या दिवशी सकाळी त्या स्वतः आल्या. जाड, बिनरंगाचं सुती कापड उकळत्या पाण्यातून काढून पिळलं, गरम असतानाच ओट्यावर पसरलं आणि मूठभर मैदा तळहाताने चोळून चोळून बसवला. उकळत्या पाण्यात शिरताच त्या मैद्याची खळ होते, विणीची भोकं बुजतात आणि पाणी आत जात नाही. त्यांच्या आई असंच करत. त्या स्वतः मात्र आयुष्यभर वाडग्यातच पुडिंग करत आल्या. कापडाच्या चुण्या सारख्या करत आम्ही दोघींनी नव्या मिश्रणाची घट्ट पुरचुंडी बांधली. पातेल्याच्या तळाशी ताटली ठेवली. पाणी खळखळत असतानाच पुरचुंडी सोडायची आणि नंतर उकळी मोडू द्यायची नाही, म्हणून किटली सतत तयार ठेवली होती. पाणी कमी झालं की उकळतंच ओतायचं.

तासाभरात घरभर वास पसरला. फळांचा नव्हे, उकळत्या सुती कापडाचा. डिकन्सच्या १८४३ सालच्या नाताळकथेत पुडिंग उघडताना धुण्याच्या दिवसाचा वास येतो. येणारच. कपडे उकळायच्या तांब्याच्या हंड्यातच ते शिजवत. मला मात्र आईचं चक्क्याचं फडकं आठवलं. श्रीखंड झालं की ती ते असंच उकळायची.

साडेतीन तासांनी पुरचुंडी क्षणभर गार पाण्यात बुडवली आणि गाठ सोडली. कापड अलगद निघालं. आत फडक्याच्या चुण्या उमटलेला गोल, फिकट तपकिरी गोळा होता. दुकानातल्या पुडिंगसारखा काळाभोर नव्हे. वरची ओलसर साय दहा मिनिटांत सुकली आणि चकाकायला लागली.

ब्रँडी पळीत कोमट करून घेतली, कारण गार ब्रँडी पेट घेत नाही. जळते ती तिची वाफ. दिवे मालवले. पळी ओतली तशी निळी ज्योत पुडिंगवरून खाली घरंगळत ताटलीत उतरली. मुलगी आजींचा हात धरून उभी होती. आजींनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “जायपत्री छान लागतेय.”

उरलेल्या फोडी दुसऱ्या दिवशी लोण्यावर परतल्या. कडा कुरकुरीत झाल्या होत्या.