सोळा नंबरवर कोण आहे?

दुपारी तीनच्या सुमारास सोळा नंबरवर कोणीतरी कुरकुरलं.

आमच्या नाशकातल्या इंदिरानगरात या वेळेला कुत्रीसुद्धा गाड्यांखाली आडवी झालेली असतात. मी सीबी रेडिओचं, म्हणजे सामान्य माणसांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून असलेल्या छोट्या वायरलेस सेटचं झाकण काढून, हेडफोन लावून बसलो होतो. टर्र. मग गप्प. मग पुन्हा टर्र, टर्र. चॅनेलचं बटण पंधरावर नेलं, तिथेही तेच, तेवढ्याच जोरात. चौदावर मात्र शांत.

हा रेडिओ मामाचा. मामा बोटीवर होता आणि 1977 साली अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरातून त्याने तो उचलला. त्या जानेवारीपासून तिकडे सीबीचे चॅनेल तेवीसचे चाळीस झाले होते, त्यामुळे दुकानदार जुने तेवीसवाले सेट मिळेल त्या भावात काढत होते. आणि भाव पडलेला दिसला की मामाचे पाय आपोआप त्या दुकानाकडे वळायचे. कस्टममध्ये त्याने 'गाडीतला टेप आहे' असं सांगितलं म्हणे. गाडी कोणाची, हे कोणी विचारलं नाही. आमच्या अख्ख्या वाड्यात तेव्हा दोन सायकली होत्या.

पंचवटीतल्या त्या वाड्यात रेडिओ फडताळात, पंच्यात गुंडाळून ठेवलेला असे. लावायची सोय नव्हती. बिनपरवाना वायरलेस सेट नुसता जवळ बाळगणं हाही 1933 च्या कायद्याने गुन्हा. साध्या गाण्याच्या रेडिओचे पैसेसुद्धा दरवर्षी पोस्टात भरावे लागत. आजीचा तर ठाम समज होता की याचं बटण दाबलं की थेट पोलीस चौकीत घंटा वाजते. त्यामुळे आम्ही करंटशिवायच खेळायचो. मामाने सांगितलेलं, अमेरिकेतले ट्रकवाले एकोणीस नंबरवर एकमेकांना पुढे पोलीस कुठे उभा आहे ते कळवतात. मग आमचा कांद्याचा ट्रक माजघरातून सुटायचा, जिन्यात कसारा घाट लागायचा आणि न्हाणीघर म्हणजे भायखळा. मायक्रोफोनची ती वेटोळ्यांची वायर ताणून ताणून मामेभाऊ घाटाखालून ओरडायचा. सवय इतकी लागली की जेवतानाही 'आजी, आमटी वाढ, ओव्हर'. आजी वाढायची, पण ओव्हर कधी म्हणाली नाही.

आता तो रेडिओ माझ्याकडे आला आहे. दुरुस्ती म्हणाल तर फार काही नव्हतं. तेवीस चॅनेलसाठी आत चौदा क्रिस्टल, म्हणजे फ्रिक्वेन्सी ठरवणारे तुकडे, त्यांच्या जोड्या लावून बाकीचा हिशोब जमवलेला. ते सगळे ठणठणीत निघाले. कंडेन्सर मात्र आतून वाळले होते. एम. जी. रोडवरच्या दुकानदाराने नवे दिले खरे, पण माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी उंटाला नाल मागतोय. जुने उपटून नवे डाग दिले, मीटरमागचा गेलेला दिवा काढून तिथे एलईडी बसवला, मागे हेडफोनचं भोक पाडलं. झाली सुधारणा. हॅमचं, म्हणजे हौशी वायरलेसचं लायसन असलेला एक मित्र रोज मागे लागतो, की क्रिस्टल बदल, आपण हा 28 मेगाहर्ट्झवर नेऊ. मी दाद देत नाही, आणि त्याला कारण आहे. आपल्या सरकारने 2005 मध्ये 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ हा पट्टा पाच वॉटपर्यंत परवान्यातून मोकळा केला. मामाचा सेट चार वॉटचा, आणि त्याचे तेवीसच्या तेवीस चॅनेल या पट्ट्यात मावतात. चाळीसवाला असता तर वरचे तेरा बाहेर लोंबले असते. म्हणजे अमेरिकेत मोडीत निघालेलं यंत्र भारतात अगदी मापात बसलं. फक्त तोवर प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला होता.

ऐकायचं म्हटलं की घर आडवं येतं. एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, सगळे सत्तावीस मेगाहर्ट्झवर काहीतरी गुणगुणत असतात. म्हणून सेट यूपीएसच्या बॅटरीवर घेतला आणि एकेक खटका बंद करत गेलो. "वायफाय बंद केलंत तर मी घरात तुमच्याशी बोलणं बंद करीन," असं आतून ऐकू आलं. वायफाय चालू ठेवलं.

तर सोळा नंबर. गॅलरीत गेलो, तिथे कपड्यांच्या दोरीला पावणेतीन मीटरची तार बांधलेली आहे, तीच माझी अँटेना. खाली पार्किंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा रिमोटची लाल गाडी पळवत होता. तो रिमोट दाबायचा, माझ्याकडे टर्र. अशा खेळण्यांतली बरीचशी 27.145 वर चालतात, बरोबर पंधरा आणि सोळाच्या मधल्या फटीत. सूर्यावर डाग वाढले की याच पट्ट्यात हजारो किलोमीटरवरची माणसं ऐकू येतात, आणि एकदा खरंच कोणीतरी अनोळखी भाषेत तावातावाने भांडताना ऐकलंय. पण एरवी नाशकात माझा श्रोता, वक्ता जो काही आहे तो हा, वय वर्षं सात.

आडगावच्या ट्रक टर्मिनसजवळ चहा पिताना मी एका ड्रायव्हरला हे सगळं समजावून सांगितलं होतं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे ना साहेब."

"आणि घाटात रेंज गेली तर?"

"तर हॉर्न आहे."

मी स्वतः मायक्रोफोनचं बटण अजून दाबलेलं नाही. तार नीट जुळलेली नसेल तर शेवटचा ट्रान्झिस्टर जळतो, असं मी विचारणाऱ्यांना सांगतो; ते खरंही आहे. पण परवा मामेभावाने फोनवर सहज विचारलं, "बाबांना बोलायचं होतं तरी कोणाशी?" बोलायचं तर दोन सेट लागतात, आणि मामाने एकच आणला होता. बोटीवरून सहा-सहा महिने घरी न येणारा माणूस. आम्ही इतकी वर्षं त्या रेडिओशी खेळलो, पण हे त्याला कधी विचारलं नाही, आणि आता तो नाही.

सेलमध्ये एकच उरला असेल.