बॉटल चढली म्हणजे जेवण झालं का?

आमच्या इंदूरात कोणी ॲडमिट झालं की भेटायला येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला, बॉटल चढतेय ना? हो म्हटलं की सगळे निश्चिंत. अन् नाकातून पोटात अन्न द्यायची नळी दिसली की चेहरे पडतात. आत्या आयसीयूत होती तेव्हा काकू तर डॉक्टरांनाच म्हणाल्या, अहो ती नळी काढा, त्यापेक्षा दोन बॉटल जास्त लावा.

अर्धा लिटर पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे फार तर 100 कॅलरी, त्याहून जास्त तर आपल्या एका प्लेट पोह्यांत असतात! नॉर्मल सलाईनमध्ये तर नुसतं मीठ-पाणी. शिरेतून खरंखुरं जेवण देतात ते टीपीएन, ती दुधासारखी पांढरी पिशवी असते अन् मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन टाकून देतात. 1960च्या दशकात अमेरिकेत स्टॅनली डड्रिकनी कुत्र्याची पिल्लं फक्त शिरेतून पोसून वाढवून दाखवली होती. ज्यांचं आतडं कापलंय किंवा चालतच नाही त्यांचा जीव यानेच वाचतो, तेव्हा त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पण आतडं चालत असेल तर ते उपाशी का ठेवायचं? लहान आतड्याच्या अस्तराच्या पेशी तीन ते पाच दिवसांत बदलतात, अन् त्यांचं बरंचसं पोषण समोरून जाणाऱ्या अन्नातूनच होतं, मोठ्या आतड्यातल्या तर जंतू फायबर आंबवून ब्युटिरेट नावाचं जे आम्ल करतात त्यावर जगतात. अन्न येणं थांबलं की अस्तरावरचे मखमलीसारखे बारीक उंचवटे आखूड होतात, आयजीए, म्हणजे जंतूंना अडवणारं अस्तरावरचं प्रतिद्रव्य, घटतं, भिंत जरा झिरपायला लागते. उंदरांत हे झपाट्याने दिसतं, माणसांत बरंच कमी, त्यामुळे व्हॉट्सॲपवरचं ते "आतडं सडतं" वगैरे काही मनावर घेऊ नका.

म्हणून पोट भरायला नाही तर नुसतं अस्तर जागं ठेवायला नळीतून ताशी 10-20 मिली देतात. आत्याचं हळूहळू वाढवलं, मग सिस्टर पलंगाचं डोकं वर करायची, दट्ट्या काढलेली मोठी सिरिंज नळीला लावून उंच धरायची, फीड आपोआप उतरायचं, अन् शेवटी थोडं पाणी, नाहीतर नळी चोंदते.

बीपी सांभाळायला जोरदार औषधं चालू असतील तर मात्र डॉक्टर थांबतात, ते बरोबरच आहे, 2018 साली फ्रान्समधल्या मोठ्या अभ्यासात अशा शॉकच्या, म्हणजे बीपी फार पडलेल्या, पेशंटना सुरुवातीपासून नळीतून पूर्ण फीड दिल्याने जीव काही जास्त वाचले नाहीत, उलट आतड्याचा रक्तपुरवठा तुटायच्या केसेस वाढल्या. तेव्हा डॉक्टरांना बॉटल किती असं विचारण्यापेक्षा पोटातून कधी सुरू करताय ते विचारा. अन् घरून मूगडाळीचं पाणी आणून परस्पर नळीत घालू नका, काकूंनी डबा आणला होता, सिस्टरने दारातूनच परत पाठवला.