शून्य लांबीचा रकाना

शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीकडून गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे तक्रार आली. इंडक्शन भट्टीचे तापमान दाखवणारा नियंत्रण कक्षातला स्क्रीन अधूनमधून अर्धा-एक मिनिट कोरा पडत असे आणि मग आपोआप पूर्ववत होत असे. ओतकाम चालू असताना तापमान दिसेनासे झाले तर मेटल ओतायचे की थांबायचे हा निर्णय अंदाजावर येतो, त्यामुळे मालकांची घाई समजण्यासारखी होती. आम्ही मुख्य स्विचवर मिरर पोर्ट (स्विचमधून जाणाऱ्या माहितीची प्रत जिथे मिळते ती जोडणी) चालू केला आणि त्याला एक संगणक जोडला. त्यावर नेटवर्कवरील प्रत्येक पॅकेट (माहितीचा छोटा गठ्ठा) तिथल्या तिथे उलगडून नोंद करणारे, विकत घेतलेले विश्लेषक सॉफ्टवेअर बसवले. या संगणकाला यूपीएस होता.

स्क्रीन पुन्हा कोरा पडला तेव्हा विश्लेषकाची नोंद त्याच क्षणाला थांबलेली आढळली. प्रोग्रॅम बंद पडला नव्हता. खिडकी उघडी होती, पण माऊसला प्रतिसाद नव्हता आणि प्रोसेसरचा एक कोअर पूर्ण भाराने चालत होता. तो बंद करून पुन्हा चालू केला. पुढच्या घटनेच्या वेळी हुबेहूब तेच घडले. पाळीवरच्या सुपरवायझरांनी त्यातून सरळ निष्कर्ष काढला. "सायेब, तुमचा कॉम्प्युटर अडकला की आमचा स्क्रीन जातोय बघा. तेवढं काढून न्या." दोन गोष्टी एकाच वेळी घडतात, त्यातली एक नवी आहे, म्हणून दोष नवीकडे, हा तर्क वरकरणी बिनतोड होता. पण मिरर पोर्टला जोडलेला संगणक केवळ ऐकतो, त्यामुळे तो भट्टीची जोडणी तोडेल हे मला पटत नव्हते.

मी पॅकेट पकडणे आणि उलगडणे ही दोन कामे वेगळी केली. वायरशार्क या मोफत पॅकेट-विश्लेषकासोबत येणारा डंपकॅप हा छोटा प्रोग्रॅम पॅकेटचा अर्थ लावत बसत नाही. आलेले बाइट फाइलमध्ये लिहितो, ठरावीक आकाराची फाइल भरली की नवी सुरू करतो आणि सर्वांत जुनी पुसतो. त्याला चालू ठेवून आम्ही राजारामपुरीतल्या कार्यालयात परतलो. पुढची घटना घडली तेव्हा डंपकॅप न थांबता लिहीत राहिला होता.

ती फाइल आमच्या विश्लेषकात उघडली आणि तो इथेही गोठला. फौंड्रीतली वीज, धूळ, उष्णता या सगळ्या शंका तिथेच मिटल्या, कारण आता समोर फक्त एक फाइल होती. वायरशार्कसोबतच्याच एडिटकॅप या प्रोग्रॅमने फाइलचे दोन भाग केले, ज्या भागावर विश्लेषक अडकतो त्याचे पुन्हा दोन, असे करत शेवटी एकच पॅकेट उरले. आकाराने ते शंभर बाइटांहूनही लहान होते.

तापमानाचे आकडे नेटवर्कवर पाठवणारा, भट्टीजवळचा सिरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टर सुरू होताना यूडीपी ब्रॉडकास्टने (नेटवर्कवर सगळीकडे जाणाऱ्या पॅकेटने) आपली ओळख सर्वांना कळवतो, त्यातलेच हे पॅकेट होते. त्याची रचना साधी आहे: आधी दोन बाइटांत रकान्याचा प्रकार, पुढच्या दोन बाइटांत लांबी, मग मजकूर, आणि लगेच पुढचा रकाना. लांबीमध्ये प्रकार आणि लांबी यांचे चार बाइटही मोजायचे असतात, त्यामुळे ती चारपेक्षा कमी असूच शकत नाही. या कन्व्हर्टरला कोणी नाव दिलेले नव्हते, आणि नावाच्या रकान्यात त्याने लांबी शून्य लिहिली होती. हेक्समध्ये (बाइट लिहिण्याच्या सोळा अंकी पद्धतीत) पाहिले तर प्रकार ०० ०१ आणि त्यापुढे लांबी ०० ००. विश्लेषक रकाना वाचतो, लांबीइतका पुढे सरकतो आणि पुढचा रकाना वाचतो. लांबी शून्य असेल तर तो सरकतच नाही. 'पुढील मजकूर याच पानावर पाहा' असे छापलेले पान एखाद्याने इमानेइतबारे उलटत बसावे, तसे ते चालले होते.

मग घटनांचा क्रमही उलगडला. भट्टी पूर्ण क्षमतेने सुरू होताना व्होल्टेज क्षणभर खाली जाई, यूपीएसवर नसलेला कन्व्हर्टर रिस्टार्ट होई, तेवढा वेळ तापमान येणे थांबे, आणि उठताच तो हे पॅकेट पाठवी. बिघाडाची नोंद घेणारा प्रोग्रॅम बिघाडाच्या क्षणीच गोठत होता. कन्व्हर्टरच्या मनात काही काळेबेरे नव्हते. पण हेच पॅकेट कोणी मुद्दाम पाठवले असते तर त्याला पासवर्ड लागला नसता, विश्लेषकाचा पत्ताही माहीत असण्याची गरज नव्हती.

वायरशार्क मात्र ही फाइल उघडून शांत राहिला. त्याचे श्रेय फार देऊ नये. हा खाजगी प्रोटोकॉल (पॅकेटच्या रचनेचे नियम) त्याला ठाऊक नसल्याने त्याने पॅकेटला नुसते 'डेटा' म्हटले, म्हणजे अज्ञानामुळे तो बचावला. त्याला जे प्रोटोकॉल समजतात त्यांच्या डिसेक्टरांत (पॅकेट उलगडणाऱ्या भागांत) अनंत लूप, बेसुमार मेमरी खाणे आणि क्रॅश या चुका वर्षानुवर्षे सापडत आल्या आहेत. त्याच्या सुरक्षा-सूचनांमध्ये दोन वाटा ठरलेल्या दिसतात: नेटवर्कवर सोडलेले सदोष पॅकेट, किंवा कोणाला तरी उघडायला लावलेली सदोष कॅप्चर फाइल. तो इथरियल या नावाने ओळखला जात होता तेव्हा, २००४ साली, अशाच चुकांना कंटाळून ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने त्याला आपल्या पोर्ट्स या प्रोग्रॅम-संग्रहातून काढून टाकले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये पसरलेल्या 'विटी' वर्मने (आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रॅमने) तर संरक्षणासाठी बसवलेल्या सॉफ्टवेअरलाच गाठले. आयसीक्यू या चॅट सेवेची पॅकेटे वाचणाऱ्या भागातील दोषामुळे एक यूडीपी पॅकेट पुरत होते. डिसेक्टरांच्या सी भाषेतल्या लाखो ओळी रूट, म्हणजे सर्वोच्च, अधिकाराने चालू नयेत, म्हणूनच वायरशार्कमध्ये पकडण्याचे काम डंपकॅपकडे वेगळे दिलेले आहे. आमच्या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे एकाच प्रक्रियेत आणि तेही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालत होते, हे मला त्या एका लूपपेक्षा गंभीर वाटते.

कन्व्हर्टर यूपीएसवर घेतल्यावर स्क्रीन जाणे थांबले. त्याला नावही दिले, आणि रिस्टार्ट करून पाहिले तेव्हा रकान्यातली लांबी बरोबर आली. विश्लेषकाच्या निर्मात्यांना ते एक पॅकेट पाठवले, तेव्हा त्यांच्या मदतकक्षाने आधी संगणकाची मेमरी वाढवण्याचा सल्ला दिला. एका पॅकेटाच्या फाइलला किती मेमरी लागावी, असे विचारल्यावर प्रकरण प्रोग्रॅमरपर्यंत पोहोचले. नव्या आवृत्तीत लांबी चारपेक्षा कमी आढळली तर पॅकेट 'सदोष' म्हणून नोंदवले जाते आणि वाचन पुढे चालू राहते. ती येईपर्यंत आम्ही त्या प्रोटोकॉलचे उलगडणे बंद ठेवले होते. फौंड्रीत आता डंपकॅप मर्यादित अधिकारांच्या खात्यावर चालतो, आणि फायली आमच्या कार्यालयातल्या एका व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातल्या वेगळ्या, आभासी संगणकात) उघडल्या जातात. सुपरवायझरांनी तो संगणक ठेवून घेतला आहे, पण त्याची वायर आपल्या टेबलाजवळून जाऊ नये ही त्यांची अट आहे.