ज्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही…

बोअरच्या पाण्यात तूरडाळ लावली की दोन-चार शिट्ट्या जास्त लागतात, हे लातूर-बीडच्या कुठल्याही स्वयंपाकघराला वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून डाळीला जारचं पाणी आणि भांडी घासायला बोअरचं, अशी वाटणी घरोघरी असते. कॉफीची पाळी आली की मात्र हाताला येईल ते पाणी. मग चिकमगळूरहून मागवलेल्या महागड्या बियांची कॉफी खडू उगाळल्यासारखी लागते आणि बोल बियांना बसतो.

काळ्या कॉफीच्या कपात साधारण 98 टक्के पाणीच असतं. त्यामुळे पैसे खर्च करायचा आमचा क्रम ठरलेला आहे: आधी पाणी, मग ताज्या बिया, मग दळण, आणि भांडं सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक बरोबर उलट्या क्रमानं जातात.

पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी कॉफीचं फारसं वाकडं नाही. थोडे असले तर चव उतरायला मदतच होते. खरा घोटाळा बायकार्बोनेटचा. ताकात खायचा सोडा टाकला की आंबटपणा मरतो, तसंच बायकार्बोनेट कॉफीतली फळांसारखी आंबूस चव मारून टाकतं. उरतो तो नुसता कडवटपणा. किटलीच्या बुडाला आठवड्यात पांढरा थर धरत असेल तर हा घोटाळा तुमच्याकडे आहे, असं धरून चाला.

एक साधा टीडीएस मीटर घ्या. पाण्यात लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेले आहेत, ते तो सांगतो. कॉफीला 75 ते 250 दरम्यानचं पाणी चालतं, 150 च्या आसपास उत्तम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 500 ही मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे प्यायला चालणारं पाणी कॉफीला चालेलच असं नाही. उलट टोकाला आरओचं पाणी 20-40 वर आलेलं असतं. त्यात कॉफी पोकळ आणि उगाच आंबट लागते. इलाज मिसळण्याचा. बोअर 800 आणि आरओ 40 असेल तर 850 मिली आरओमध्ये 150 मिली बोअरचं पाणी घाला, मिश्रणाचा टीडीएस 150 च्या जवळ येतो. बोअरचं पाणी तपासलेलं आणि पिण्यायोग्य असेल तरच हे करा. फ्लोराइडची तक्रार असलेल्या गावांत हा प्रयोग नकोच. आरओ नसेल तर पाणी पाच मिनिटं खळखळून उकळा, निवू द्या आणि गाळ न हलवता वरचं पाणी ओतून घ्या. बायकार्बोनेटचा बराच भाग क्षार होऊन खाली बसलेला असतो.

फ्लॅटच्या गच्चीवर बसवलेल्या मिठाच्या सॉफ्टनरवर मात्र विसंबू नका. तो कॅल्शियम काढून सोडियम घालतो. किटली स्वच्छ राहते, पण बायकार्बोनेट जिथल्या तिथे.

आता बिया. ज्वारीचं पीठ महिनाभर पडलं की कडवट होतं आणि भाकरी थापताना तुटते, म्हणून आपण आठवड्यापुरतंच दळून आणतो. कॉफीला हाच नियम लावा. पाकिटावर भाजल्याची तारीख शोधा. नुसती ‘अमुक महिन्यांपर्यंत वापरा’ एवढंच छापलेलं पाकीट परत ठेवा. भाजल्यावर पाच-सात दिवस बियांतून वायू निघत असतो, तो निघू द्यायचा. तिथून पुढचे चार आठवडे चवीचे. दळलेली पूड मात्र काही दिवसांतच उतरते. बियांवर तेलकट चकाकी असेल तर त्या जास्त भाजलेल्या आहेत. जुन्या शेंगदाण्यासारखा खवट वास आला तर दुकानदार काहीही म्हणो, घेऊ नका.

कॉफीच्या दोन मुख्य जाती, नाजूक अरेबिका आणि कडक रोबस्टा. कुठली घ्यायची, हे दूध ठरवतं. आपल्याकडे बऱ्याच घरांत म्हशीचं दूध येतं, आणि त्यातल्या सहा-सात टक्के स्निग्धांशाखाली हलकी भाजलेली नाजूक अरेबिका सपशेल गाडली जाते. दुधाच्या कॉफीला मध्यम ते गडद भाजलेली अरेबिका आणि तिच्यात 20-30 टक्के रोबस्टा घ्या. काळी पिणार असाल तर बाबाबुडनगिरी, कोडगू किंवा अराकूची मध्यम भाजलेली अरेबिका. पाकिटावरचं ‘प्लँटेशन’ म्हणजे धुऊन गर काढलेली बी, चव स्वच्छ. ‘चेरी’ म्हणजे फळासकट वाळवलेली, चव जड आणि गोडसर. ‘पीबी’ म्हणजे पीबेरी: फळात दोनऐवजी एकच गोल दाणा भरलेला. दाणे एकसारखे असल्यामुळे ती भाजायला सोपी जाते. चिकोरी ही कॉफी नव्हेच, एक मूळ आहे. मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के असलीच पाहिजे आणि प्रमाण पाकिटावर छापलंच पाहिजे, असा नियम आहे. ते वाचा. 80:20 च्या पुढे चिकोरी नको, असं आमचं मत. घरचा जायफळ-वेलचीचा कॉफीमसाला घालायचा असेल तर महागाच्या बिया कशाला? त्याला साधी रोबस्टा पुरते.

उन्हाळ्यात पारा 42 वर गेला की ओट्यावरचा डबा बियांचा शत्रू होतो. एका वेळी पाव किलोच मागवा, घट्ट झाकणाच्या डब्यात घाला आणि घरातल्या गार, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. फ्रीझर चालतो, पण आठवड्याच्या छोट्या हवाबंद पुड्या करून. आणि पुडी बाहेर काढल्यावर तिचा गारवा पूर्ण गेल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर बियांना दव धरतं. विजेचा भरवसा नसेल तर फ्रीझरचा नाद सोडा.

दळणासाठी दातेरी चक्कीचा हातग्राइंडर घ्या. स्टीलचे दाते चिनीमातीच्या दात्यांपेक्षा एकसारखं दळतात. आपली हवा कोरडी, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चपासून पूड ग्राइंडरच्या भिंतीला चिकटते आणि ओतताना उडते. चमच्याची दांडी पाण्यात बुडवून बियांत एकदा फिरवा आणि मग दळा. तेवढा ओलावा पुरतो. मिक्सरच वापरायचा तर चटणीचं भांडं कॉफीसाठी वेगळं ठेवा, लसूण-जिऱ्याचा वास झाकणाच्या रबरात मुरलेला असतो. 30 ग्रॅम बिया, दोन सेकंदांचे दहा-बारा झटके, मध्ये भांडं हलवायचं. सलग फिरवलं की पूड तापते आणि वर पीठ, खाली भरड असं होतं.

भांडं म्हणून पहिलं स्टीलचं दक्षिणी फिल्टर: एकावर एक दोन भांडी, वरच्याच्या तळाला बारीक भोकं. वीज नको, कागद नको, बिघडायला काही नाही. दोघांसाठी 20 ग्रॅम पूड, रव्यापेक्षा थोडी बारीक. वरच्या भांड्यात भरून टिचकी मारून सारखी करा, दांड्याची चकती ठेवून बोटाच्या वजनाएवढंच दाबा. उकळी उतरलेलं 30 मिली पाणी घाला, अर्धा मिनिट थांबा, मग उरलेलं 90 मिली सावकाश चकतीवर ओता आणि झाकण लावा. 15-20 मिनिटांत साधारण 80 मिली डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, उतरतं, बाकीचं पाणी पूड धरून ठेवते. कपाला 40 मिली डिकॉक्शन, 120 मिली साय काढलेलं गरम दूध. डिकॉक्शन उकळायचं नाही, जुनं झालं तरी.

पाच मिनिटांतच सगळं खाली आलं तर पूड जाड आहे. चिकोरी नसलेली पूडही लवकर गळते, तेव्हा एक घर बारीक दळा. अर्धा तास झाला तरी थेंब-थेंबच असेल तर तीन कारणं: पूड पिठासारखी, चकती जास्त दाबलेली, किंवा भोकं बुजलेली. उजेडाकडे धरून भोकं पाहा. बुजली असतील तर रिकामं, कोरडं भांडं गॅसच्या आचेवर क्षणभर धरा, अडकलेली पूड जळून झडते. निवल्यावर ब्रशनं घासा.

काळ्या कॉफीला फ्रेंच प्रेस (दांड्यानं जाळी खाली दाबायचं उभं भांडं) बरा, विशेषतः दळण मिक्सरचं असेल तर. 30 ग्रॅम भरड, 450 मिली पाणी. चार मिनिटांनी वरचा थर चमच्यानं मोडा, फेस काढा आणि आणखी चार-पाच मिनिटं गाळ बसू द्या. दांडा तळापर्यंत दाबू नका, गाळ ढवळून कपात येतो. पाण्याच्या तापमानाची फार चिंता नको. संभाजीनगरच्या उंचीवर पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. मध्यम भाजलेल्या बियांवर उकळी थांबताच ओता, गडद असतील तर मिनिटभर थांबून. मोका पॉटमध्ये (गॅसवर ठेवायचं, वाफेच्या दाबानं कॉफी वर चढवणारं भांडं) पाणी सेफ्टी व्हॉल्व्हच्या खालीच ठेवा, पूड दाबू नका, आणि फुरफुर सुरू होताच गॅसवरून उतरवा. करपट चव त्या शेवटच्या फुरफुरीतच असते. ॲल्युमिनियमचा मोका इंडक्शनवर चालत नाही.

मे महिन्यात यातलं काहीच प्यावंसं वाटत नाही. तेव्हा एक लिटर मिसळलेल्या पाण्यात 80 ग्रॅम भरड पूड घालून झाकून फ्रिजमध्ये 14-16 तास ठेवा. ओट्यावर नको, त्या उकाड्यात तिला आंबूस वास येतो. नंतर धुतलेल्या सुती कापडातून दोनदा गाळा, पिळू नका. ते कापड नुसत्या गरम पाण्यानं धुवा, कारण साबणाचा वास ते सोडत नाही.