आधी थांबवायची, मग बोलवायची

"फलाटावर डब्यांचा रेक उभा आहे. त्याच फलाटावर मागच्या स्टेशनाहून आलेली गाडी घ्यायची आहे. काय कराल?"

स्टेशन मास्तरच्या प्रशिक्षणातल्या तोंडी परीक्षेत सरांनी हे विचारलं आणि मी एका दमात बोलून मोकळी झाले, "शंट सिग्नल देईन."

सरांनी पेन खाली ठेवलं. "होम सिग्नलच्या खाली शंट सिग्नल कुठल्या स्टेशनात पाहिलात मॅडम?"

संपलं. मला पुन्हा बसावं लागलं.

मी धुळ्याची. स्टेशन मास्तरच्या जागेसाठी अर्ज भरला तो रेल्वेच्या २०१९ च्या एनटीपीसी, म्हणजे बिगर-तांत्रिक पदांच्या, जाहिरातीला. दोन लेखी परीक्षा, कॉम्प्युटरवरची मानसिक चाचणी, डोळ्यांची कडक तपासणी असं सगळं पार पडून भुसावळच्या रेल्वे प्रशिक्षण संस्थेत पोचेपर्यंत इतकी वर्षं गेली, की शेजारच्या काकूंनी माझी नोकरी खोटीच धरली होती. ते रडगाणं इथे नको.

लाज याची वाटली, की हा प्रश्न मला येत नाही असं नव्हतंच. लहानपणी मुंबईला मामांकडे जायचं तर धुळ्याच्या डब्यात बसायचं आणि ते डबे चाळीसगावला मुंबईच्या गाडीला जोडले जायचे. जोडताना हलका धक्का बसायचा. आजी शेंगदाण्याची चटणी सावरत विचारायची, "गाडीले धक्का कोन मारस व?" म्हणजे भरलेल्या लाइनीवर डबे नेणं मी नियम वाचायच्या आधीपासून अंगावर अनुभवलं होतं. आणि तिथेच फसले. ते शंटिंग होतं, स्टेशनाच्या आत चाललेली डब्यांची हलवाहलव. सर विचारत होते ते बाहेरून येणाऱ्या गाडीबद्दल.

सर मूळ अमळनेरचे. त्यांनी हे नंतर वर्गात समजावलं ते असं: पाहुणा बाहेरून आला की आधी ओट्यावर थांबतो, मग आपण त्याला 'या' म्हणतो. घरातलं माणूस मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात जाताना ओट्यावर जाऊन थांबतं का?

होम हा आपल्याकडे बहुतेक स्टेशनांत गाडीला भेटणारा पहिला थांबा सिग्नल. रंगीत दिव्यांच्या स्टेशनात तो नेहमीसारखा द्यायचा तर फलाटाची लाइन मोकळी हवी, पॉइंट (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे) बसून लॉक हवेत, शिवाय स्टार्टरच्या (स्टेशनातून गाडी सोडणाऱ्या सिग्नलच्या) पुढेही १२० मीटर मोकळे हवेत, कारण गाडी थोडी घसरली तरी कुणावर जाऊ नये. फलाटावर रेक असताना होम देता येतच नाही. सिग्नलच्या बटणांचं पॅनेलच देऊ देत नाही. तिथे कामाला येतो कॉलिंग ऑन, म्हणजे थांबलेल्या गाडीला आत बोलावणारा सिग्नल. होमच्याच खांबावर, खालच्या बाजूला, 'सी' अक्षराची पांढरी चकती आणि एक छोटा दिवा. एरवी तो काहीच दाखवत नाही, मेल्यासारखा असतो. गाडी होमला पूर्ण थांबली, की वरचा लाल तसाच ठेवून खाली हा पिवळा लावायचा. अर्थ एवढाच: पुढे ये, जपून ये, अडथळ्याच्या अलीकडे थांबायच्या तयारीत ये. पॅनेल इथेही पॉइंट बसलेत की नाही ते तपासतं, फक्त फलाट रिकामा आहे का हे विचारत नाही. ती जबाबदारी तुमची.

शंट सिग्नलचं वेगळं. दोन पांढरे दिवे आडवे म्हणजे थांब, तिरपे म्हणजे शंटिंगला जपून पुढे चल. तो स्टेशनच्या पहिल्या थांबा सिग्नलखाली लावतच नाहीत. माझी चूक एवढ्या एका ओळीत होती आणि ती ओळ मी किमान चार वेळा पाठ केली होती!

पुन्हा तयारी केली ती मात्र पाठ करून नाही. मॉडेल रूममध्ये छोट्या रुळांवर स्वतःच लोको पायलट व्हायचं, स्वतःच मास्तर. संध्याकाळी हॉस्टेलच्या गच्चीवर हातसिग्नल. हिरवा आणि लाल रुमाल दोन्ही डोक्यावर धरून जवळ-लांब, जवळ-लांब करायचे, म्हणजे 'जोडायला हळू ये'. रात्री तेच हिरव्या दिव्याने, मनगट वळवत. मेसचे काका वर कपडे काढायला आले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "कोणाची दृष्ट काढताय?" शंटिंगचा वेग १५ किलोमीटर हे तर त्या उन्हाळ्यात असं बसलं, की रिक्षात बसले तरी मीटरकडे नजर जायची.

दुसऱ्या वेळी तोच प्रश्न, वर एक जोड: "आणि 'सी' चा दिवा नसेल तर?" तेव्हा सिग्नलच्या खांबावर फोन असेल तर फोनवरून सांगायचं, नाहीतर टी ५०९ हा लेखी परवाना माणसाच्या हातून लोको पायलटकडे पाठवायचा. टी ८०६ म्हणाले असते तर पुन्हा घरी. तो शंटिंगचा कागद. सर फक्त "हं" म्हणाले. त्यांच्याकडून हे पुष्कळ.

मग स्टेशनवरचं प्रशिक्षण, सक्षमता प्रमाणपत्र, आणि नेमणुकीच्या ठिकाणचे स्टेशन नियम वाचून समजले अशी रजिस्टरात सही. ती करताना हात जरा थांबलाच.

एकटीने काम करायला लागल्यावर काही महिन्यांनी ती पहाट आली. एका लाइनीवर ॲक्सल तापलेली मालगाडी, दुसरी अभियंत्यांच्या ताब्यात, फलाटावर बिघडलेला छोटा रेक. आणि मागून पॅसेंजर. तीही छोटीच, त्यामुळे फलाटात दोन्ही मावत होत्या. मागच्या स्टेशनला फोन केला: भरलेल्या लाइनीवर घेणार आहे, लोको पायलटला सांगा. पॉइंट्समन लाल बत्ती घेऊन रेकच्या अलीकडे उभा राहिला, ४५ मीटरपेक्षा थोडा जास्तच लांब. मी दोनदा मोजायला लावलं, तो वैतागला.

गाडी होमला थांबली. बटण दाबलं तरी दिवा लगेच लागत नाही, गाडी खरंच थांबलीय याची यंत्रणा खात्री करते. तो वेळ मला फार लांब वाटला. मग पॅनेलवर पिवळं दिसलं. खिडकीतून हेडलाइट सरकताना दिसला, माणूस चालतो तेवढ्या वेगाने, आणि लाल बत्तीच्या अलीकडे थांबला. दारं उघडली, दुधाचे कॅन उतरायला लागले.

कॉलिंग ऑन वापरला की पॅनेलवरचा काउंटर एकाने वाढतो. नवा आकडा मी रजिस्टरात लिहिला, पुढे वेळ, पुढे कारण. कारणाचा रकाना छोटा आहे, मी समासात लिहीत गेले.